गावंडेकाकांची पंगत

गावंडेकाका कुणाला "कसं काय, बरं आहे ना" असं विचारत नाहीत. ते माणसाकडे पाहतात, डोळे किंचित बारीक करतात आणि एक आकडा सांगतात. मी शाळेतून घरी येते तेव्हा ते बहुधा त्यांच्या फाटकाशी उभे असतात. खांद्यावर पंचा, शर्टाच्या खिशात मल्टिमीटर आणि त्याच्या लाल-काळ्या वायरी खिशाबाहेर लोंबत असलेल्या. आठवीवर लागोपाठ दोन तास झालेले असले की मला पाहून म्हणतात, "मास्तरीणबाई, आज दोन पॉइंट नऊ. जा, च्या घ्या." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्या चष्म्याचा नंबर सांगतायत.

उलगडा नंतर झाला. त्यांच्या घरी बॅटरीचे जे सेल आहेत, त्यातला एक सेल पूर्ण भरला की मीटरवर तीन पॉइंट पासष्ट व्होल्ट दाखवतो आणि अडीचच्या खाली उतरला की कामातून जातो. तेव्हा अख्खी मनुष्यजात काकांनी या दोन आकड्यांच्या मधे बसवून टाकली आहे. सोमवारी सकाळी शाळेत निघालेली पोरं तीन पॉइंट शून्य. निवडणुकीत पडलेले आमच्या वॉर्डातले एक पुढारी दोन पॉइंट सहा. समोरच्या इंगोल्यांच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा तो तीन पॉइंट सहा होता, "अन् आता त्याले कोणी अजून चार्ज करू नका, फुगन." सेलांच्या पेटीत एक हिरवी पट्टी असते, तिला बीएमएस म्हणतात. सेल जास्त भरायला लागला किंवा फार रिकामा व्हायला लागला की ती आपणहून करंट तोडते. त्यामुळे बोलायला लागला की थांबतच नाही अशा माणसाबद्दल काका एवढंच म्हणतात, "त्याले देवानं बीएमएस बसवलंच नाही."

आमची गल्ली दिग्रसच्या मार्केट यार्डामागची. माझं माहेर नगरकडचं. लग्न होऊन इथे आले आणि इथल्याच शाळेत मराठी शिकवायला लागले. नवरा नोकरीसाठी यवतमाळला असतो, शनिवारी एसटीने येतो. एरवी घरात मी आणि सासूबाई. आमच्या आणि गावंडेकाकांच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. या भिंतीवरून आजवर लोणचं, वाटीभर साखर, रोजचा पेपर आणि सासूबाईंची सगळ्या विषयांवरची मतं पलीकडे गेली आहेत. पलीकडून आलेली मुख्य गोष्ट म्हणजे दुरुस्ती.

काका जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूमला होते. मोबाईल नव्हते तेव्हाची गोष्ट. गावातली वीज गेली तरी घरचा फोन चालू राहायचा, तो का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवर चालायचा आणि त्या बॅटऱ्यांवर गावंडेकाका चालायचे. कमरेएवढाले सेल, त्यात ॲसिड, रोज पाणी घालायचं, रोज मोजायचं. "गावची लाईन दहा खेपा जाये, पण फोन मेला नाही कधी," ते सांगतात. "कोणाच्या घरी बाळंतपण हाय, कोणाच्या घरी मयत हाय, अंधारात लोकं एकमेकाशी बोलून राह्यले. माह्या भरोशावर." ॲसिडमुळे त्यांच्या सगळ्या कपड्यांना बारीक भोकं पडलेली असायची. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या की यांच्या लग्नातला सदरा तेवढा धड आहे, तोही मी कुलुपात ठेवला म्हणून.

त्या नोकरीतून काकांनी एक नियम घरी आणला. फॉल्ट उद्यावर ठेवायचा नाही. एक्स्चेंजमध्ये तक्रार आली की ती त्याच दिवशी निघायला हवी, मग पाऊस असो की सण. हा नियम त्यांनी निवृत्तीनंतर सगळ्या गल्लीला लावला. एका दिवाळीला ते आमच्याकडे फराळाला आले. चिवड्याची बशी हातात घेतली, पहिला घास तोंडाशी नेला आणि थांबले. वर पाहून म्हणाले, "पंखा बोलून राह्यला." मी म्हटलं, काका, वर्षभर बोलतोय, त्याचं बोलणं आम्हाला आता ऐकू येत नाही, तुम्ही आधी खा. "फॉल्ट उद्यावर ठेवत नाही," असं म्हणत ते स्टुलावर चढलेसुद्धा. त्या वर्षीचा फराळ आम्ही सतरंजीवर पसरलेल्या पंख्याच्या पात्यांभोवती बसून खाल्ला. करंजीला ग्रीसचा वास येत होता, पण पंखा तेव्हापासून गप्प आहे.

एक्स्चेंजमधल्या त्या थोरल्या बॅटऱ्या पुढे भंगारात गेल्या. त्या ट्रकमध्ये चढत असताना काका बघायला गेले होते आणि परत आल्यावर नीट जेवले नाहीत, हे मला काकूंनीच सांगितलं. त्यानंतर काहीच दिवसांनी त्यांच्या टिनाच्या छपरावर सोलरच्या पाट्या चढल्या आणि बाहेरच्या खोलीत एक लोखंडी पेटी आली. तिच्यात कुठल्याशा गाडीतून निघालेले जुने लिथियमचे सेल होते. ते काकांनी स्वतः जोडले. कसे जोडायचे हे ते मोबाईलवर शिकले. कुठल्यातरी परदेशी गॅरेजातला दाढीवाला इंग्रजीत बोलत बोलत सेल जोडतो आणि काका आवाज बंद करून ते पाहतात. मी विचारलं, आवाज का बंद करता? "बोलते लय तो. मले त्याचे हात पाह्याचे हायत."

सुमनकाकू होत्या तेव्हा त्या घरात माणसांना तोटा नव्हता. त्यांच्या ओसरीवर कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. कुणी अंबाडी निवडतंय, कुणी सुनेची तक्रार सांगतंय, आणि त्यात काका एखाद्या रेडिओचं पोट फाडून बसलेले. काकू गेल्या, तशी ओसरी हळूहळू रिकामी झाली. कुणी मुद्दाम जायचं थांबलं नाही. पण बायकांना एकट्या पुरुषाकडे जाऊन बसायला निमित्त लागतं, पुरुषांना फुरसत लागते. पुण्याला मुलगा आहे, तो काकांना घेऊन गेला. काका महिनाभरात परत आले. सासूबाईंनी भिंतीवरून विचारलं, "काहून आले हो भाऊजी? करमलं नाही का?"

"वहिनी, तिथं लाईनच जात नाही," काका म्हणाले. "जनरेटर हाय, मोठ्ठा. मंग माणसं घराच्या बाहेर कायले निघतीन? शेजारचा माणूस मले महिन्यात दिसला नाही."

आम्ही तेव्हा खूप हसलो. दिग्रसला परत येण्याचं असं कारण आजवर कुणी दिलं नसेल.

पण ते खरंच होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी लाईन जायची. लाईन म्हणजे वीज. दिवसभर तापलेल्या घरात पंखा बंद पडला की माणूस थांबू शकत नाही. गल्लीत उजेड एकाच घरी असायचा. मग सगळे काकांकडे. इंगोले दुकानाला कुलूप लावून यायचे. मी तपासायच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन जायची. सासूबाईंची मालिका असायची. पोरं गृहपाठ करायची आणि गल्लीतले झाडून सगळे मोबाईल काकांच्या भिंतीवर चार्जिंगला लटकलेले असायचे. काका ओसरीत दोन कूलर लावायचे, आत टीव्ही लावायचे आणि स्टीलच्या ट्रेमधून चहा फिरवायचे. चहा पाकासारखा गोड. तो देताना प्रत्येकाला आकडा. "इंगोले, तीन पॉइंट एक. दोन कप घ्या."

या मैफलीचे दोन शेवट असायचे आणि काकांना दोन्ही आवडायचे नाहीत. एक म्हणजे लाईन यायची. पोरं "आली, आली" करत पळायची, मोबाईल भराभर उपटले जायचे आणि क्षणात ओसरी मोकळी. चहाचे कप तसेच अर्धे राहायचे. लाईन आल्यावर चेहरा उतरतो असा त्या गल्लीत एकच माणूस होता, आणि तो कप गोळा करत असायचा. दुसरा शेवट त्याहून वाईट. दोन कूलर, टीव्ही आणि एवढे मोबाईल म्हटल्यावर जुनी पेटी नऊच्या सुमाराला दमायची. हिरवी पट्टी करंट तोडायची आणि सगळं एकदम काळोखात. "चला, काका, येतो," असं म्हणत माणसं चाचपडत चपला शोधायची. काका दारात उभे राहून प्रत्येकाची माफी मागायचे. जेवायला बोलावून भात संपला की यजमानाचं जे होतं, ते त्यांचं व्हायचं. एकदा मला म्हणाले, "माणसं अर्ध्या ताटावरून उठून राह्यली, मास्तरीणबाई. हे काही बरं नाही. पेटी वाढवाव लागते."

आणि त्यांनी खरंच नवे सेल मागवले. इंगोल्यांनी विचारलं, "काका, तुमच्या एकट्याले लागते एक पंखा अन् एक ट्यूबलाईट. जिनिंग फॅक्टरी टाकून राह्यले का काय आतमधी?" काकांना भात वाढवायचा होता.

दसऱ्याच्या आधी नवे सेल आले. निळे, विटेएवढे, एकसारखे. मला वाटलं आता ते जुन्या पेटीत बसवायचे की झालं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी न शिजलेली डाळ वाढायला काढली आहे. "आधी यायची पंगत होईन," ते म्हणाले.

पंगत म्हणजे अक्षरशः पंगत. बाहेरच्या खोलीत सागाची लांब फळी, तिच्यावर सगळे सेल एका ओळीत खांद्याला खांदा लावून. एका बाजूने सगळ्यांचे प्लस एका तांब्याच्या पट्टीने जोडलेले, दुसऱ्या बाजूने सगळ्यांचे मायनस. टोकाला एक छोटा चार्जर, तो हळूहळू वाढणार. "नवे सेल कारखान्यातून येतात तवा कोणी अर्धा जेवलेला असते, कोणी उपाशी," काकांनी समजावलं. "तसेच पेटीत घातले त एकाचं पोट फुटन अन् दुसरा भुकेला राहीन. म्हणून सगळ्यायले एका पंगतीत बसवाचं. वाढणारा एक, अन्न एक. ज्याचं आधी झालं त्यानं हात वाळवत बसाचं, पण उठाचं नाही. शेवटच्याचं झालं की मंग सारे संगच उठतीन."

ही पंगत बरेच दिवस चालली. काका सकाळ-संध्याकाळ ओळीतून मीटर घेऊन फिरायचे, लग्नात वाढपी फिरतो तसे. गल्लीतले लोक बघायला यायचे आणि दारातून विचारायचे, "काका, ताकापर्यंत आले का?" काका मीटर पाहून सांगायचे, "वरण-भात झाला. पोळी चालू हाय."

आणि त्यातच दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात. विळा, सुरी, शिलाईचं मशीन, स्कूटर, माझा लाल पेनसुद्धा. सासूबाईंनी आमची पूजा आटोपली आणि त्यांच्या मनात आलं की सुमन असती तर तिने भाऊजींच्या सेलांना कुंकू लावल्याशिवाय सोडलं नसतं. काका मागच्या अंगणात होते. सासूबाई तबक घेऊन गेल्या, प्रत्येक सेलाला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, सगळं यथासांग. मग अक्षता घ्यायला हात मोकळा हवा म्हणून त्यांनी तांब्याची पळी खाली ठेवली. खाली म्हणजे पंगतीवर, आडवी. एक टोक प्लसच्या पट्टीवर, दुसरं मायनसच्या.

आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आला. मी धावत गेले तेव्हा खोलीत जळका वास होता, पळी कोपऱ्यात पडली होती आणि सासूबाई अक्षता मुठीत धरून जागच्या जागी उभ्या होत्या. काका मागच्या दाराने आले. त्यांनी आधी सासूबाईंचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. काही झालेलं नव्हतं. मग एकेका सेलाला मीटर लावला. तेही सगळे सुखरूप होते. मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं किती झालं सध्या? माह्यं त दोन पॉइंट पाच झालं."

"भाऊजी, कुंकू नाही लावलं त बरकत कशी येईन?" सासूबाईंनी मुद्दा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी पंगतीसाठी एक लाकडी झाकण केलं आणि झाकणाच्या मधोमध ऑइलपेंटने चौकोन काढून लिहिलं, "पूजा येथे करावी." ती पळी अजून आमच्या देवघरात आहे. तिच्या दांड्याला उंदराने कुरतडावी तशी खाच आहे. पाहुणे आले की सासूबाई ती दाखवतात आणि सांगतात की सेल तेवढे कडक आहेत.

पंगत उठली. नव्या सेलांची नवी पेटी झाली. तरी काम संपलं नव्हतं, कारण जुनी आणि नवी पेटी एकदम जोडायची नसते. दोन्हींचा आकडा अगदी सारखा व्हावा लागतो, नाहीतर भरलेली पेटी रिकामीवर धावून जाते. काका याला सोयरीक म्हणायचे. "दोन्हीकडचा मान सारखा पाह्यजे. कमी-जास्त असला की भांडण." दिवाळीच्या तोंडावर एकदाचे आकडे जुळले, काकांनी शेवटचा नट आवळला आणि आम्हा सगळ्यांना सांगून टाकलं, की आता लाईन किती का जाईना, रात्रभर बसा. ओसरीसाठी त्यांनी नव्या प्लास्टिकच्या खुर्च्याही आणल्या.

त्यानंतर आमच्या गल्लीत लाईन गेलीच नाही.

गावाबाहेर नवं सबस्टेशन सुरू झालं होतं. आधी आमचा कुणाचाच विश्वास बसला नाही. आठवडा गेला, दिवाळी गेली, एकदा दिवासुद्धा लुकलुकला नाही. सगळे खुशीत होते. काका रोज सातच्या सुमाराला फाटकाशी येऊन उभे राहायचे. "तुमच्याकडं गेली का?" "नाही, काका." "इंगोल्याकडं?" "नाही." मग खिशातून मल्टिमीटर काढून आमच्याच ओसरीतल्या प्लगात घालायचे आणि वैतागायचे. "दोनशे तीस. बरोबर दोनशे तीस. एवढं बरोबर असते का कधी? काय लोकं हायत." चाळीस वर्षं विजेच्या नावाने बोटं मोडलेल्या माणसाला तिच्याबद्दल ही तक्रार करताना मी पाहिलं.

नव्या खुर्च्या एकमेकींत खोचून भिंतीशी लागल्या. भरलेल्या दोन पेट्या आणि त्यांच्यावर एक ट्यूबलाईट. मी येता-जाता डोकावायची, पण डोकावणं म्हणजे काही बसणं नव्हे. शाळा होती, घर होतं, आणि खरं सांगायचं तर आता माझा पंखा चालू होता. काकांनी माझा आकडा सांगायचंही बंद केलं. मीच एकदा विचारलं, "काका, आज किती?" तर म्हणाले, "मीटरची बॅटरी उतरली." मल्टिमीटरच्या बॅटरीपर्यंत गोष्ट गेली म्हणजे फार झालं, हे मला तेव्हा कळलं.

मग एका दुपारी त्यांच्याकडे एक गाडी आली. पांढरकवड्याजवळ हायवेवर ढाबा असलेला एक माणूस उतरला. सासूबाई गोधडी वाळत घालायच्या निमित्ताने भिंतीशी उभ्या राहिल्या आणि ती एक गोधडी त्यांनी पाऊण तास वाळत घातली. संध्याकाळी मी घरी आले तशी त्यांनी मला सगळं सांगितलं. ढाबेवाल्याला फ्रीजरसाठी बॅटरी हवी आहे. रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. भाऊजी पुण्याला जाणार, मुलाकडे, कायमचे. "त्याले सांगून राह्यले, जपून वापरजा, पंगत करून बसवलेले हायत म्हणून," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मी चहा टाकला, पेपर काढले आणि जिथे बसले तिथे नुसती बसून राहिले.

साडेसातला आमच्या घरातले दिवे गेले.

मी बाहेर ओसरीत आले. सासूबाई मीटरपेटीपाशी उभ्या होत्या आणि हातातली काठी भिंतीला टेकवत होत्या. मेन स्विच खाली पडलेला होता. काठीशिवाय त्यांचा हात तिथवर पोचत नाही.

"आई, हे काय केलं?"

"म्या काय केलं? लाईन गेली."

"अहो, समोर इंगोल्यांचा टीव्ही चालू आहे."

"त्यायची नसन गेली. आपली गेली. तुह्ये पेपर घे. म्या साखर घेते, नाहीत तो माणूस सारा डबा ओतते चहात."

काका ट्यूबलाईटखाली एकटेच बसले होते. समोर स्क्रूड्रायव्हर, पाने, आणि जुन्या पेटीचं झाकण उघडं. आम्हाला दारात पाहून ते उठले. "काय झालं?"

"भाऊजी, लाईन गेली आमची," सासूबाई म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांचा चेहरा देवळात बसल्यासारखा होतो.

काकांचा चेहरा उजळला. अगदी क्षणभरच, कारण लगेच त्यांच्यातला एक्स्चेंजचा माणूस जागा झाला. टॉर्च घेतला, टेस्टर घेतला आणि भिंतीकडे निघाले. आमचा बेत इतका कच्चा होता. ज्या माणसाने फराळ सोडून पंखा उतरवला त्याला आम्ही फॉल्ट सांगायला आलो होतो. मी मागून धावले. "काका, राहू द्या. सावकाश बघा. घाई नाहीये."

"फॉल्ट उद्यावर ठेवत नाही," ते भिंत ओलांडता ओलांडता म्हणाले.

त्यांनी आमची मीटरपेटी उघडली. आत मीटरचा लाल दिवा मजेत लुकलुकत होता. म्हणजे खांबावरून वीज व्यवस्थित येत होती. टॉर्चचा उजेड खाली आला. मेन स्विच खाली पडलेला. उजेड आणखी खाली आला. भिंतीला टेकवलेली सासूबाईंची काठी. तिच्यावर तो थोडा वेळ थांबला. माझे कान गरम झाले होते. शाळेत चोरी पकडली गेलेल्या पोराच्या जागी उभं राहण्याची वेळ मास्तरणीवर क्वचित येते.

काकांनी मीटरपेटीचं दार हळूच लावून घेतलं. टॉर्च विझवला. काठी उचलली आणि भिंत ओलांडून परत आले.

"वहिनी," ते म्हणाले, "फॉल्ट मोठा हाय."

"हो का?" सासूबाई म्हणाल्या.

"हो. आतमधून गेला दिसते. आज काही होत नाही." त्यांनी टॉर्च खाली ठेवला. "उद्या पाहू. बसा."

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'उद्या पाहू' मी पहिल्यांदा ऐकत होते. मी उगाच पेपरांचा गठ्ठा सारखा करत राहिले. काकांनी काठी सासूबाईंच्या हातात दिली. "हे तिथं राह्यली होती. जवळ ठेवा. उद्या लागन."

मग त्यांनी जुन्या पेटीचं झाकण लावलं, खोचलेल्या खुर्च्या एकेक सोडवल्या आणि चहा टाकला. थंडीचे दिवस होते, तरी दोन्ही कूलर लावले. नव्या पेटीवर भार टाकून पाहायचा होता म्हणे. आम्ही दोघी पदर कानाभोवती घेऊन कुडकुडत मालिका पाहत होतो. उजेड आणि आवाज पाहून इंगोले डोकावले, "काय झालं?" असं विचारलं, आणि घरी वीज असून बसले. काकांनी त्यांना सांगितलं की तीन पॉइंट दोन. मालिका संपली, सासूबाईंचा कप कधीच रिकामा झाला होता. मी निघू या का म्हणून खूण केली, तर त्यांनी डोळ्यांनीच काकांचा कप दाखवला. त्यात अजून दोन घोट होते. त्या रिकामा कप धरून तशाच बसून राहिल्या.

सकाळी काकांचा फोनवरचा आवाज भिंतीवरून स्पष्ट येत होता. ढाबेवाल्याला सांगत होते, "नाही भाऊ, नाही विकत. अहो, आमच्या गल्लीत लाईनचा लय त्रास हाय. काही भरोसा नाही तिचा." मग मी शाळेला निघाले तेव्हा फाटकाशी उभे होते. खिशात मल्टिमीटर, वायरी बाहेर. डोळे बारीक करून म्हणाले, "तीन पॉइंट चार."

आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी आमची लाईन जाते. परवा इंगोल्यांचीही गेली, त्यांचा मेन स्विच बराच खाली आहे, काठीसुद्धा लागत नाही. काका टॉर्च घेऊन जातात, मीटरपेटी उघडून बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, मोठा फॉल्ट हाय, उद्या पाहू. आमचा तर अजून निघालेलाच नाही.